सोळाचे अठ्ठेचाळीस

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक माझा, "वापरात नाही ते देऊन टाका" म्हणणारा. दुसरा नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, "असू दे गं, लागेल कधीतरी" म्हणणारा. आमचे हे कोणत्याच पक्षात नसतात, ते शिडी धरतात.

गेल्या दिवाळीत जुन्या पितळी डब्यांच्या मागून एक गाठोडं निघालं. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, वहीएवढं काळं चपटं यंत्र, त्याला करड्या रबराची चाळीस बटणं आणि कोपऱ्यात तिरक्या रंगीत पट्ट्या. मला वाटलं, मोठा कॅल्क्युलेटर असेल. नाना खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "सूनबाई, सांभाळून. कॉम्प्युटर आहे तो."

मैत्रिणींनो, तो होता झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडातल्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये काढलेला घरगुती कॉम्प्युटर. स्वतःचा पडदा नाही, तो टीव्हीला जोडायचा. आणि प्रोग्रॅम साठवायचे ते साध्या गाण्याच्या कॅसेटवर. दोन प्रकारांत मिळायचा, १६ के आणि ४८ के. के म्हणजे हजाराच्या हिशेबात स्मरणशक्ती, असं समजा. सुरुवातीला लहान १२५ पौंडांना होता आणि मोठा १७५ ला. नानांच्या थोरल्या भावांनी १९८३ साली येताना आणला तो अर्थातच लहान, १६ चा. तोवर किमती उतरल्या होत्या, तरी तीस पौंडांचा फरक होताच, आणि तीस पौंड म्हणजे तेव्हाच्या मास्तरांच्या घरात चेष्टा नव्हती. नाना सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाची योजना काढून काही शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले, त्यांत नानांची शाळा नव्हती. म्हणून हाच घरचा कॉम्प्युटर पिशवीत घालून ते शाळेत न्यायचे.

आता माझा पराक्रम ऐका. नाना दुपारी पडले होते. म्हटलं, उठायच्या आत चालू करून दाखवू, खूश होतील. मूळ अडॅप्टर गाठोड्यात सापडेना. टीव्हीशेजारी इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर होता, त्याची पिन मागच्या भोकात अगदी नीट बसली. बसली म्हणजे चालते, असं मी धरून चाललं. बटण दाबलं आणि दोन-तीन सेकंदांत भाजलेल्या वाटाण्यासारखा वास आला.

संध्याकाळपर्यंत मी कुणाला बोलले नाही. मग सांगितलं. नाना रागावले नाहीत, पण जेवले अर्धंच.

तेव्हा पहिली गोष्ट लिहून ठेवा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनीचं मधलं टोक ऋण असतं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांचं मधलं टोक धन असतं. पिन तीच, आकार तोच, वीज उलटी. माझा तर वर १२ व्होल्टचा होता. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात गोलाची एक खूण असते, त्यात मध्ये उणे आहे की अधिक, ते चष्मा लावून पाहा. आणि मूळ अडॅप्टर सापडला तरी तो चाळीस वर्षांचा म्हातारा आहे. आधी मल्टिमीटरने तपासून घ्या.

दुरुस्तीसाठी हे पुण्यात एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिलं आणि "याचं घड्याळ करून भिंतीवर लावा" असं सांगून परत दिलं. शेवटी नानांचे जुने मित्र धावून आले. आयटीआयमध्ये निदेशक होते, आता निवृत्त आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली, खिडकी उघडायला लावली (सोल्डरच्या धुरासाठी) आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही ही नायलॉनची साडी बदलून सुती नेसून या, मग हात लावा." मला वाटलं, थट्टा करतायत. पण कृत्रिम धाग्याच्या कपड्यात जी वीज साठते, हिवाळ्यात केस विंचरताना चटचट आवाज येतो ना, तीच, तिने या जुन्या आयसी मरतात. मी मुकाट्याने साडी बदलली.

आतला बोर्ड उघडल्यावर मला बरंच समजलं, निदान समजल्यासारखं वाटलं. पहिल्या १६ के साठी आठ आयसी आहेत, ४११६ नावाच्या. त्यांचा थाट असा की एका प्रकारच्या विजेवर भागत नाही. पाच व्होल्ट, बारा व्होल्ट आणि उणे पाच, अशा तिन्ही हव्यात. यातल्या दोन तयार करून देण्याचं काम एक छोटा ट्रान्झिस्टर आणि एक तारेचं वेटोळं करतं. उलटी वीज गेली की आधी तो ट्रान्झिस्टर जातो, आणि तिन्हींचा तोल बिघडला की त्या आठातल्या काही आयसी बरोबर घेऊन जातो. आमच्या तीन गेल्या होत्या. काकांनी त्या काढून तिथे सॉकेट बसवले, म्हणजे पुन्हा गेलीच एखादी, तर डाख काढावा लागायला नको.

उघडलंच आहे तर म्हणून आणखी दोन कामं झाली. एक म्हणजे कपॅसिटर, आपले दुरुस्तीवाले ज्यांना कंडेन्सर म्हणतात ते. बोर्डावर साधारण डझनभर आहेत. आत द्रव असतो, तो वर्षानुवर्षांनी सुकतो किंवा गळतो. नवे फार महाग नसतात, तपकीर गल्लीत सगळे मिळाले. दुसरं, पाच व्होल्ट देणारा ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग. हा जास्तीची वीज नुसती उष्णता करून टाकतो, म्हणून जुना स्पेक्ट्रम तव्यासारखा तापायचा. आता त्याच तीन पायांचा, त्याच जागी बसणारा नव्या पद्धतीचा भाग मिळतो, तो थंड राहतो. जुना भाग काकांनी फेकला नाही. निघालेलं सगळं एका पिशवीत घालून त्यावर कुठला भाग कुठला, ते माझ्याकडून लिहून घेतलं. मागाहून कुणाला मूळचं करायचं झालं तर करता यावं.

बटणांच्या खाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. झाकण उघडताना त्या हमखास तुटतात, पापड मोडावा तशा. आमच्याही तुटल्या. नवा पापुद्रा अजून बनवतात, बाहेरून मागवावा लागला. मागवतानाच मागवा, मी सांगते. झाकण उघडून मग तीन आठवडे वाट बघू नका.

टीव्हीचं म्हणाल तर, हा कॉम्प्युटर एखाद्या टीव्ही केंद्रासारखं चित्र सोडतो, ते पकडायला टीव्हीत जुन्या पद्धतीचा ट्यूनर लागतो. नव्या टीव्हींत तो असेलच असं नाही. आत जो चौकोनी पत्र्याचा डबा आहे, त्यात दोन तारा जातात, एक विजेची, एक चित्राची. दोन्ही सोडवून चित्राची तार सरळ बाहेरच्या भोकाला जोडली की तेच चित्र टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पिनीतून येतं, आणि जास्त स्वच्छ येतं. अर्ध्या तासाचं काम, तेही पुन्हा पूर्ववत करता येण्यासारखं.

डिसेंबरातल्या एका रविवारी पडदा आधी काळा, मग पांढरा झाला आणि खाली ओळ उमटली, © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. मी देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, संपलं.

पण नाना म्हणाले, "आता याचे अठ्ठेचाळीस करायचे."

खरं सांगते, मला ते हट्टाचं वाटलं. चालू झालाय, आनंद आहे, दोन दिवस खेळून काचेच्या कपाटात ठेवू. वर खर्च कशाला? मी विचारलं, "नाना, करायचं काय आहे त्याच्यावर?" म्हणाले, "नववी ब चा निकाल." मी हसले. म्हटलं, "द्या इकडे गुणांची वही. माझ्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये दहा मिनिटांत लावते. शाळेत दर सहा महिन्यांनी तेच तर करते."

"एक्सेल मलाही येतं," नाना म्हणाले, आणि मग जे सांगितलं ते आमच्या ह्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

१९८५-८६ चं साल. नववी ब मध्ये पन्नास मुलं, सात विषय, वर्षाला दोन चाचण्या, सहामाही आणि वार्षिक अशा चार परीक्षा. नानांनी सगळ्या वर्गाचा निकाल कॉम्प्युटरवर लावायचं ठरवलं. पण गंमत बघा. स्पेक्ट्रम प्रत्येक आकड्याला पाच बाइट जागा घेतो, मग तो आकडा ३ असो की ९३. पन्नास गुणिले सात गुणिले चार गुणिले पाच, झाले सात हजार. नावांना पंचवीस-पंचवीस अक्षरांची जागा धरली तर आणखी साडेबाराशे. आणि १६ के म्हणजे सोळा हजार असं वाटलं तरी त्यातले सात हजार एकटा टीव्हीचा पडदाच खातो. आपल्या हातात उरतात सुमारे ८८००. म्हणजे गुण आणि नावं भरली की प्रोग्रॅम लिहायला साडेपाचशे बाइट. एवढ्यात निकालपत्रकाचा प्रोग्रॅम मावत नाही. (मी हा हिशेब कागदावर करून पाहिला. बरोबर आहे.)

म्हणून नानांनी वर्गाचे दोन भाग केले. रोल नंबर १ ते २५ एका कॅसेटवर, २६ ते ५० दुसऱ्या. बेरजा मशीनने केल्या. पण सगळ्या वर्गाचे क्रमांक लावणं मशीनला शक्य नव्हतं, कारण दोन्ही अर्धुकं एका वेळी त्याच्या डोक्यात मावतच नव्हती. छापायचं यंत्र नव्हतं. निकालाच्या आदल्या रात्री नानांनी पडद्यावरच्या बेरजा कागदावर उतरवल्या आणि क्रमांक हाताने लावले. रोल नंबर ३८ ही मुलगी होती. तिची बेरीज १४८७. नानांच्या हातून उतरलं १४७८. पहिला आला रोल नंबर १२ चा मुलगा, १४८२ वर.

जूनमध्ये मुलीचे वडील प्रगतिपुस्तक घेऊन शाळेत आले. त्यांनी स्वतः बेरीज केली होती. मुख्याध्यापकांनी वहीत पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "अहो, हा निकाल मशीननं लावलाय. मशीन चुकत नाही." नाना शेजारीच उभे होते.

"मी काही बोललो नाही," नाना म्हणाले. "त्या रात्री घरी येऊन कॅसेट लावली, बेरीज पाहिली. १४८७. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग परवा सांगू म्हटलं. तेवढ्यात त्यांची बदली झाली, मुलगी दाखला घेऊन गेली."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "मशीननं क्रमांक लावलेच नव्हते गं. त्याच्यावर उगाच घातलं आपण. एकदा लावू दे त्याला."

मी काकांना फोन केला.

तर आता अठ्ठेचाळीस करण्याविषयी. दोन रस्ते आहेत. मागच्या बाजूला बोर्डाची उघडी कड असते, तिथे बाहेरून ३२ के चा डबा खोचता येतो. सोपं आहे, पण जुने डबे हलले की कॉम्प्युटर सगळं विसरतो. खोचण्याआधी ती कड पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी, आणि चालू असताना कधीही काहीही खोचू नये, काढू नये. दुसरा रस्ता आतला. कंपनीने १६ आणि ४८ साठी बोर्ड एकच ठेवला होता, आमच्या बोर्डावर बारा सॉकेट रिकामे होते. आठ स्मरणशक्तीच्या आयसींचे, चार त्यांना वाट दाखवणाऱ्या आयसींचे. इतकी वर्षं जागा वाट बघत होती म्हणायची.

त्या आठ आयसींची गोष्ट मला फार आवडली. मूळच्या ४५३२ नावाच्या. त्या मुळात दुप्पट क्षमतेच्या म्हणून बनवलेल्या, पण एका अर्ध्या भागात दोष निघालेल्या. टाकून देण्याऐवजी चांगला अर्धा भाग वापरायचा, म्हणून त्या स्वस्त पडत. एका बाजूने डागाळलेला आंबा आपण टाकतो का? डाग कापून आमरसात घालतो. तसंच. आता मात्र पूर्ण चांगल्या ४१६४ आयसी सहज मिळतात, काकांनी त्याच घातल्या. कोणता अर्धा भाग वापरायचा आणि आयसी कुठल्या बनावटीची, त्यानुसार बोर्डावर एक-दोन छोट्या तारांचे दुवे लावावे लागतात. यात घाई करू नका. आमचा पहिला दुवा चुकला होता आणि यंत्र स्वतःला सोळाचंच समजत होतं.

तपासायचं कसं, तर शेवटची जागा कुठली ते त्यालाच विचारायचं. त्याची एक आज्ञा आहे, नानांना पाठ होती. सोळा असला तर तो ३२७६७ सांगतो. दुवा बदलला, पुन्हा चालू केला. सुरू व्हायला आता किंचित जास्त वेळ घेतो, कारण स्वतःची सगळी स्मरणशक्ती चाचपून बघतो. नानांनी आज्ञा दिली. ६५५३५. काकांनी चष्मा काढून पुसला. आमचे हे म्हणाले, "म्हणजे झालं ना?" झालं होतं. हाताशी ८८०० च्या जागी एकेचाळीस हजारांवर बाइट!

मग कॅसेटी. कॅसेट हातात आली की आधी तिचा आवाज मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर नीट उतरवून घ्या. टेप प्रत्येक वेळी फिरताना झिजते, एखादा टेपरेकॉर्डर ती गिळतोही. उतरवलेला आवाज मोबाइलमधून थेट स्पेक्ट्रमच्या कानाच्या भोकात सोडला तरी तो वाचतो. टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी कणभर फिरवा, आवाज लख्ख होईपर्यंत. एसडी कार्ड लावायचे डबेही आता मिळतात, मग कॅसेटची पाच-पाच मिनिटांची किरकिर उरत नाही. आम्ही तो घेतला, पण नंतर. निकालासाठी नानांना कॅसेटच हवी होती.

पहिली कॅसेट तिसऱ्या खेपेला वाचली. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या पळायला लागल्या तेव्हा आमचे चिरंजीव अभ्यास सोडून पळत आले. दुसरी काही केल्या वाचेना. दर वेळी मध्येच तीच तक्रार, टेप वाचता आली नाही. बुरशी धरली होती. नाना म्हणाले, "हरकत नाही, वही आहे." पंचवीस मुलांचे प्रत्येकी अठ्ठावीस आकडे, म्हणजे सातशे. दोन संध्याकाळी मी मोठ्याने वाचले आणि नानांनी त्या रबरी बटणांवर एका बोटाने भरले. दर ओळ झाली की उलट वाचून दाखवायला लावत. रोल नंबर ३८ ची ओळ चार वेळा.

क्रमांक लावायला त्याला मिनिटभर लागलं. मग एकेक ओळ वर चढत गेली.

नानांनी जुन्या वहीत लाल शाईने दुरुस्ती केली, खाली तारखेसह सही केली. मग म्हणाले, "तुझ्या सदरात लिही. नाव नको, नंबर लिही." म्हणून लिहिते. नववी ब, सन १९८५-८६. प्रथम क्रमांक रोल नंबर ३८, गुण १४८७. द्वितीय क्रमांक रोल नंबर १२, गुण १४८२. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, आणि कॉम्प्युटरचाही नव्हता.

त्या बाई आता पंचावन्नच्या घरात असतील. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाला इंग्रजी-मराठी शब्दकोश बक्षीस होता. नानांनी तसा एक आणून, खाकी कागदाचं कव्हर घालून कपाटात ठेवला आहे. साप्ताहिकाच्या पत्त्यावर, पाकिटावर नुसतं 'नववी ब' लिहून पत्र टाकलंत तरी मला पोहोचेल.